समानार्थी शब्द, गुण चार

सोहार बंदराच्या पाठीमागे, पत्र्याच्या ऑफिसात
एसीचं पाणी रंगाच्या डब्यात ठिबकतंय.
स्क्रीनवर नाव : पोशेट्टी, स्कॅफोल्डर, बिल्ला दोन हजार एकशे सात.
तीन दिवस अंगठा नाही.
आज रकाना भरावाच लागेल.
बाण दाबला की खाली तीन शब्द लोंबतात :
अ‍ॅब्सेंट. मिसिंग. अ‍ॅब्स्कॉन्डिंग.
चार वाजता मंदूब येईल, यादी घेऊन जाईल.

लांज्याच्या शाळेत पाध्येबाई
सहामाहीला हमखास घालायच्या :
समानार्थी शब्द लिहा, गुण चार.
मी चारपैकी चार घ्यायचो.
बिग, लार्ज. स्मॉल, लिटल.
एकाच घडीतले दोन रुमाल,
कुठलाही काढा, नाक पुसा.

बाई, इथे तसं नाही.
अ‍ॅब्सेंट म्हणजे दिवसाचे तीन रियाल कापले.
मिसिंग म्हणजे कुणीतरी शोधायला निघायचं,
गाडी, डिझेल, इस्पितळं, शवागार;
तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते अकाउंट्सला ठाऊक नाही,
म्हणून यादीत असूनही तो शब्द कुणी वापरलेला मी पाहिला नाही.
आणि अ‍ॅब्स्कॉन्डिंग म्हणजे पोलिसात कागद,
तिकीट बुडालं, हिशेब बुडाला.
तिघांत लांबलचक शब्द, भरायला सगळ्यांत सोपा.
एक क्लिक, कंपनीचे हात धुतलेले.

मनात मराठी लावून बघतो.
गैरहजर. याच्या पोटात अजून हजर आहे.
बेपत्ता. पत्ता तर माझ्याकडे आहे :
खोली चौदा, वरची खाट.
फरार. छे.
खाटेखाली त्याची चप्पल आहे, सकाळी बघून आलो.
दोरीवर बनियन,
खिडकीत लबानचं पाकीट, फुगलेलं.
फरार माणूस चप्पल नेतो.

मागच्या महिन्यात आला होता, रजेचा अर्ज लिहून घ्यायला.
निर्मलकडचा, पण धर्माबादच्या बाजारात मिरचीची पोती उतरवलेला,
तिथलं मराठी तोंडात, जरा तिखटच.
"पोरगी बोलना झाली साहेब. फोन धरती, बोलत नाही."
कारण काय टाकू? डोमेस्टिक, पर्सनल, फॅमिली?
फॅमिली ठेवलं, सभ्य दिसतं.
मग नीड, वॉन्ट की रिक्वेस्ट?
तो म्हणाला, गरज हाय म्हनून लिवा.
मी रिक्वेस्ट लिहिलं.
वरच्यांना गरज आवडत नाही,
बारा वर्षांत एवढं शिकलोय.
अर्ज दोन दिवसांत परत, कोपऱ्यात पेन्सिलीनं :
नॉट अर्जंट.
म्हंजे काय, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, थांबावं लागेल.
तेही समानार्थीच.

साडेतीन. दुपारची सुट्टी संपून बसेस निघाल्या.
मी फाइल उघडतो, त्याच्या घरचा नंबर लावतो.
उचलला.
"हॅलो, पोशेट्टीचं घर ना?"
कुणी बोलत नाही.
एक कोंबडी, लांब कुठे ट्रॅक्टर,
आणि जवळ, अगदी जवळ, बारीक श्वास.
सायलेंट, क्वाएट, स्टिल, म्यूट :
बाई, चारही आठवले, एकही बसेना.
विचारायचं होतं, बाबांचा फोन आला का.
तोंडातून निघालं, बाबा आले का.
श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला.
फोन ठेवला नाही तिनं. मीही नाही.

बाहेर मंदूबच्या गाडीचं दार वाजलं.
डाव्या हातानं फोन कानाशी धरून
उजव्यानं बाण वर नेतो. अ‍ॅब्सेंट.
आणखी एक दिवस, आणखी तीन रियाल.
आणि शेऱ्याच्या चौकटीत, जिथे कुणी कधी काही लिहीत नाही,
नीड असं टाइप करतो, महिनाभर उशिरा.

मंदूब दारातून विचारतो, खलास?
मी एक बोट वर करतो : थांब.
पलीकडे कोंबडी ओरडतेय.